सात पापं आधी आठ होती, आणि ती पापं नव्हतीच

गेल्या आठवड्यात शाळेच्या ग्रुपवर एक रील आलं, सात महापापांपैकी तुमचं कुठलं ते सांगा म्हणून. गर्व, लोभ, वासना, मत्सर, खादाडपणा, राग, आळस. निम्म्या लोकांनी आळस टाकला, एकानं आळसामुळे टाकायचंच राहिलं असं दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि मग आमचा वसईचा मित्र, जो दरवर्षी ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस मटण आणि बियर बंद ठेवतो, त्याला कुणीतरी विचारलं की बाबा रे, मटण सोडून मन शुद्ध होतं का खरंच, का नुसतं वजन उतरतं? तो म्हणाला फादरना विचारून सांगतो. अजून सांगतोय.

गंमत अशी की ते रील आणि हा प्रश्न, दोन्हींचा माग काढत गेलं की माणूस एकाच ठिकाणी पोचतो. चौथ्या शतकातलं इजिप्तचं वाळवंट. आणि तिथं ती यादी आठची होती, पापांची तर नव्हतीच.

वाळवंटात कोण गेलं होतं आणि कशाला

इ. स. २७० च्या आसपास इजिप्तमधल्या एका खेड्यातला अँथनी नावाचा विशीतला पोरगा चर्चमध्ये बसला होता. आईवडील नुकतेच गेलेले, घरची बक्कळ जमीन, पाठीमागं धाकटी बहीण. आणि वाचन चाललं होतं येशूच्या त्या बोलण्याचं, की परिपूर्ण व्हायचं असेल तर जे आहे ते विक, गरिबांना दे आणि माझ्यामागं ये. तोवर हे हजारो लोकांनी ऐकलं असेल, यानं ते खरंच केलं. जमीन गावाला देऊन टाकली, सामान विकलं, बहिणीला व्रतस्थ बायकांकडे ठेवलं (तिला कुणी विचारलं होतं का हे मला कायम खटकतं, असो) आणि आधी गावाबाहेर, मग थडग्यात, मग आणखी आत असं करत वाळवंटात गेला. ३५६ मध्ये वारला तेव्हा १०५ वर्षांचा होता असं त्याचं चरित्र लिहिणारा बिशप अथानासियस सांगतो.

त्याच्यामागून लोंढा लागला. ३१३ नंतर रोमन साम्राज्यात ख्रिस्ती असणं हा गुन्हा राहिला नाही, जिथं धर्मापायी जीव जायचा तिथं आता मान मिळायला लागला, आणि काही लोकांना हे जरा जास्तच सोपं झालंय असं वाटून ते बाहेर पडले, असं कारण नेहमी देतात. त्यात तथ्य आहे, पण अँथनी त्याच्या चाळीसएक वर्षं आधीच निघाला होता, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही. काही का असेना, शतकाच्या शेवटी नाईलच्या डेल्टाच्या कडेला नित्रिया नावाच्या ठिकाणी पाच हजार संन्यासी होते आणि त्यांच्या पावासाठी सात भट्ट्या होत्या, हे तिथं स्वतः राहिलेल्या पल्लादियसनं लिहून ठेवलंय. तिथून आणखी आत केलिया, म्हणजे शब्दशः 'खोल्या'. तिथं सहाशेएक जण. आठवडाभर आपापल्या खोलीत एकटं राहायचं, टोपल्या विणायच्या, दोर वळायचे, बायबलमधली स्तोत्रं म्हणायची, दुपारी तीनला दिवसातनं एकदा जेवायचं, आणि शनिवार-रविवार सगळ्यांनी एकत्र यायचं. ज्येष्ठाला 'अब्बा' म्हणायचे, बाई असेल तर 'अम्मा'. आपल्या आबा-अम्मासारखंच.

आता खरी गोष्ट इथून सुरू होते. घर सोडलं, जमीन सोडली, बाजार सोडला, आसपास गाव नाही, तरी मन शुद्ध होईना. कारण वस्तू मागं राहिल्या, वस्तूंचे विचार सोबत आले. आपण गडावर जातो, नेटवर्क नसतं, वर पोचल्यावर समोर नुसतं ढग आणि डोंगर, आणि डोक्यात मात्र शुक्रवारच्या मीटिंगमध्ये तो असं का बोलला तेच चालू. अगदी तेच. फक्त हे लोक दोन दिवसांनी खाली येणार नव्हते, त्यामुळे त्यांना त्याचं काहीतरी करणं भाग होतं.

आठ विचारांचा माणूस

ते ज्यानं सगळ्यात बारकाईनं लिहून ठेवलं तो एव्हाग्रियस. आजच्या तुर्कस्तानातला, जन्म ३४५ च्या सुमाराचा, हुशार, बोलण्यात पटाईत, राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये चर्चच्या वर्तुळात नाव झालेलं. तिथं एका मोठ्या घरातल्या लग्न झालेल्या बाईत जीव अडकला, तिचंही तसंच, आणि एका रात्री भयंकर स्वप्न पडल्यावर हा जहाजात बसून जेरुसलेमला पळाला. तिथं परत झकपक कपडे आणि गप्पा सुरू, मग सहा महिने असा आजारी पडला की वैद्यांना कळेना. मेलानिया नावाच्या रोमन श्रीमंत विधवेनं, जिनं तिथं मठ काढला होता, त्याला बसवून सगळं वदवून घेतलं आणि सांगितलं, संन्यास घे. ३८३ च्या सुमाराला इजिप्तला गेला, दोन वर्षं नित्रियाला, मग मरेपर्यंत म्हणजे ३९९ पर्यंत केलियाला. पुस्तकांच्या नकला करून पोट भरायचा. म्हणजे उपदेश करणारा हा माणूस आधी सगळं करून, निदान करायच्या काठावर जाऊन आलेला होता, आणि मला वाटतं म्हणूनच तो इतका कामाचा आहे.

त्याची यादी: खादाडपणा, कामवासना, पैशाचा लोभ, उदासी, राग, अकेडिया (याचं पुढं बघू), मिरवायची हौस आणि गर्व. यांना तो पाप म्हणत नाही. ग्रीकमध्ये शब्द आहे लोगिस्मोई, साधा अर्थ 'विचार', त्याच्या लिहिण्यात मात्र 'माणसाला ओढून नेणारे विचार', आणि त्यांच्यामागं सैतान असतात असं तो सरळ मानतो. आणि मग तो एक वाक्य लिहितो ज्यावर हे सगळं उभं आहे. भावार्थ असा की हे विचार यावेत का न यावेत हे आपल्या हातात नाही, पण त्यांनी मुक्काम करावा का नाही हे आपल्या हातात आहे.

दुपारी फोन वाजतो, अनोळखी नंबर, सर लोन पाहिजे का. फोन वाजला यात तुमचा दोष नाही. उचलून व्याजदर विचारत अर्धा तास बसलात तर तो तुमचा प्रश्न. वाळवंटातली शुद्धी म्हणजे फोन कधीच न वाजणं नव्हे, ही चूक बहुतेक लोक करतात, आणि स्वतःच्या मनात काहीबाही येतं म्हणून स्वतःला घाण समजत बसतात.

तो पुढं सांगतो की नुसते हाकलू नका, बघा. कुठला विचार कधी येतो, कुणाच्या पाठोपाठ कुठला येतो, जोर कधी चढतो कधी उतरतो, टिपून ठेवा. आणि त्यानं टिपलेलं वाचताना हसू येतं. खादाडपणाचा विचार म्हणजे डोळ्यांसमोर पक्वान्नं, असं आपल्याला वाटेल. तो म्हणतो छे. तो विचार येतो तो तब्येतीची काळजी बनून. एवढ्या उपासानं पोट बिघडेल, यकृत, प्लीहा, मग लांबचं आजारपण, इथं वैद्य पण नाही, तो अमका भाऊ बघ कसा झोपला होता. म्हणजे रात्री बारा वाजता लक्षणं गूगल करणारा माणूस. लोभाचं पण तसंच. सोन्याचे हंडे दिसत नाहीत, दिसतं ते लांबलचक म्हातारपण, काम न होणारे हात, दुष्काळ, आणि दुसऱ्याकडे हात पसरायची लाज. पेन्शन प्लॅनची जाहिरात शब्दशः हीच असते. आणि मिरवायची हौस? एकटा बसलेला संन्यासी मनातल्या मनात बघतो की आपल्या हातून रोगी बरे होतायत, दाराशी गर्दी लागलीय, लोक कपड्याला हात लावायला धडपडतायत, आता आपल्याला धर्मगुरू करणार. खोलीत कुणीही नाही. समोर अर्धी विणलेली टोपली.

दुपारचा सैतान

अकेडियाला मराठीत नेमका शब्द नाही. आळस म्हणतात, ते चूक. एव्हाग्रियसचं वर्णन असं आहे: सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान हा येतो. सूर्य जागचा हलेनासा होतो, दिवस पन्नास तासांचा वाटतो. संन्यासी सारखा खिडकीकडे बघतो, बाहेर येऊन ऊन किती सरकलं, तीन वाजायला किती अवकाश आहे ते बघतो, मग इकडं तिकडं बघतो कुणी येतंय का. मग जागेचा वीट येतो, कामाचा वीट येतो, वाटतं की इथं कुणाला कुणाची माया राहिली नाही, त्यात कुणी अलीकडे लागेल असं बोललेला असेल तर तोही आठवतो. मग दुसरी चांगली जागा सुचते, देव काय कुठंही भेटतो म्हणे. मग घरची माणसं आठवतात.

हे सोळाशे वर्षांपूर्वीचं आहे. टिफिन झाल्यावर अडीच वाजता एक्सेल उघडी ठेवून नोकरी डॉट कॉम बघणाऱ्या माणसाला यात काय अनोळखी वाटेल सांगा.

आणि आळस का नाही, तर अकेडिया धरलेला माणूस कधी कधी भरपूर धावपळ करतो. कॅसियन नावाचा त्याच परंपरेतला लेखक, त्याच्याबद्दल आता येतंच आहे, तो म्हणतो की या माणसाला अचानक आठवतं की अमक्या आजारी भावाला भेटायला पाहिजे, तमक्या बाईला कुणी नाही, तिची विचारपूस केली पाहिजे. सगळी चांगली कामं. फक्त हातातलं एक सोडून.

उपाय? खोली सोडू नकोस, हात चालू ठेव, एवढाच. पॉल नावाच्या एका अब्बाची गोष्ट कॅसियन सांगतो. तो इतका आत राहायचा की बाजार सात दिवसांच्या वाटेवर, टोपल्या विकायला नेणं परवडायचंच नाही. तरी रोज ठरलेलं काम करायचाच, खजुरीची पानं गोळा करायची, विणायचं, गुहा भरून जायची, आणि वर्ष संपलं की सगळ्याला काडी लावायची. पुन्हा पहिल्यापासून. मला हे आधी वेडेपणा वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं.

शेतकरी, गिरणी आणि पेनचाकू

कॅसियन तरुणपणी गेर्मानस नावाच्या मित्राबरोबर इजिप्तमध्ये बरीच वर्षं हिंडला, म्हाताऱ्या अब्बांना भेटला, आणि ४१५ च्या सुमाराला फ्रान्समधल्या मार्सेला जाऊन तिथं मठ काढले आणि ऐकलेलं लॅटिनमध्ये लिहून काढलं. पश्चिमेकडे हे सगळं पोचलं ते मुख्यतः त्याच्यामुळे.

त्याच्या पुस्तकातल्या पहिल्याच संवादात इजिप्तमधल्याच स्केटिसच्या वाळवंटातला एक अब्बा या दोघांना इंटरव्ह्यू घेतल्यासारखं विचारतो, एवढे हाल सोसताय, कशासाठी? दोघं म्हणतात स्वर्गाच्या राज्यासाठी. तो म्हणतो ते झालं शेवटचं, पण तिथं जायला आत्ता डोळ्यासमोर काय ठेवलंय? दोघं गप्प. मग तो शेतकऱ्याचं उदाहरण देतो. शेतकऱ्याला शेवटी हवं असतं भरलेलं कोठार, पण उन्हाथंडीत तो रोज जे करतो ते म्हणजे काटेकुटे आणि तण काढून रान साफ ठेवणं. तसं रोजचं काम म्हणजे अंतःकरणाची शुद्धी. येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात म्हटलंय ना, की ज्यांचं अंतःकरण शुद्ध ते देवाला बघतील, तिथूनच हा शब्द आलाय.

आणि मग तो एक उदाहरण देतो जे मी विसरूच शकत नाही. म्हणतो, मी असे लोक बघितलेत ज्यांनी सोनं-चांदी, मोठमोठ्या जमिनी सोडल्या आणि इथं आले, आणि मग एका पेनचाकूवरून, सुईवरून, बोरूवरून चिडले. एखादं पुस्तक असं घट्ट धरून बसलेत की दुसऱ्यानं वाचायचं सोडा, हात पण लावायचा नाही. म्हणजे एस्टेट सुटली, चाकू सुटला नाही. मालकी जिथं होती तिथंच आहे, फक्त वस्तू लहान झाली. आपल्याकडे पण बघा, सगळा संसार मुलांवर सोपवून निवांत झालेले आजोबा पेपर आधी दुसऱ्यानं उघडला तर केवढे भडकतात.

गेर्मानस मग आपल्या मनातला प्रश्न विचारतो, की अहो पण विचार थांबतच नाहीत. अब्बा म्हणतो थांबणार नाहीतच. मन म्हणजे पाण्यावर चालणारी गिरणी, पाणी वाहतंय तोवर दगड फिरणारच. पण त्यात गहू टाकायचा, जव टाकायचा का तण टाकायचं हे गिरणीवाल्याच्या हातात. स्तोत्रं म्हणणं, वाचन, जागरण हे सगळं म्हणजे वरनं गहू टाकत राहणं. दगडाला हात लावून थांबवायला गेलात तर बोटं जातील, हे मात्र मी माझं जोडतोय.

मग उपास कशाला?

वसईच्या मित्राला विचारलेला तो मटणाचा प्रश्न. स्केटिसचा तोच अब्बा स्वच्छ सांगतो की उपास, जागरण, वाचन ही अवजारं आहेत. कुदळ चकचकीत ठेवली आणि शेतात तण माजलं, तर काय उपयोग. म्हणून तो म्हणतो की काही जरुरीच्या कामामुळे उपास राहिला आणि त्यावरून तू भावावर चिडलास, तर उपासानं जे मिळालं असतं त्यापेक्षा रागानं जास्त गेलं. आपल्या घरी सोमवारी चुकून कांदा पडला म्हणून जे रामायण होतं ते आठवा.

एव्हाग्रियस तर डॉक्टरसारखा लिहितो. भटकणाऱ्या मनाला वाचन, जागरण, प्रार्थना. पेटलेल्या वासनेला भूक, कष्ट, एकांत. उसळलेल्या रागाला स्तोत्रं, सहनशीलता आणि दया. आणि डोस चुकला, वेळ चुकली तर अपाय, हेही बजावतो. स्वतःचा डोस मात्र त्यानं नीट ठेवला का याची मला शंका आहे, वर्षानुवर्षं शिजवलेलं अन्न खाल्लं नाही आणि शेवटची दोन वर्षं पोटानं दगा दिल्यावर पेजेसारख्या पातळ अन्नावर आणि भाजीपाल्यावर यावं लागलं.

अतिरेकाचा धोका त्यांना माहीत नव्हता असं नाही. हेरोन नावाचा एक म्हातारा पन्नास वर्षं वाळवंटात कडक उपास करत होता, इतका की ईस्टरच्या दिवशीही सगळ्यांबरोबर जेवायला यायचा नाही, न जाणो चारचौघांत बसून आपला नेम ढिला पडेल. शेवटी त्याला देवदूत दिसला, म्हणाला खोल विहिरीत उडी मार, तुझ्या पुण्याईनं तुला काही होणार नाही. मारली. अर्धमेला बाहेर काढला, तिसऱ्या दिवशी गेला, आणि मरेपर्यंत मान्य केलं नाही की तो देवदूत नव्हता. हे सांगून कॅसियनचा अब्बा म्हणतो, सगळ्यात मोठा गुण तारतम्य. आणि अँथनीची ती गोष्ट, तो शिष्यांबरोबर हसतखिदळत बसलेला बघून एका शिकाऱ्याला राग आला, तेव्हा अँथनी म्हणाला धनुष्य ताण. ताणलं. अजून ताण. अजून. शिकारी म्हणाला तुटेल की. अँथनी म्हणाला, माणसांचंही तसंच.

म्हणजे दगड व्हायचं का?

हा आक्षेप त्या काळीच आला होता. एव्हाग्रियस जिथं पोचायचं म्हणतो त्याला 'अपाथेया' असा शब्द आहे, स्टोइक नावाच्या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञांकडून उचललेला, विकारांच्या ओढीतून सुटलेली अवस्था. संत जेरोम, ज्याची जीभ भलतीच धारदार होती, त्यानं टोमणा मारला की असा माणूस एकतर दगड असेल नाहीतर देव.

टोमणा झकास आहे पण एव्हाग्रियसला लागू पडत नाही. तो म्हणतो अपाथेयाचं अपत्य म्हणजे प्रेम. दगडाला कुठलं अपत्य. त्याची परीक्षाही साधी आहे: जुनी गोष्ट आठवली तर आठवू दे, पण आठवल्यावर आत ढवळून निघतंय का? स्वप्नात काय दिसतं आणि दिसल्यावर तू शांत राहतोस का? पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, तुरटी फिरवून हंडा ठेवून दिला की गाळ खाली बसतो आणि वरचं नितळ होतं, तसं काहीसं. गाळ गेला असं तो कुठंच म्हणत नाही, उलट मरेपर्यंत धक्के बसत राहतात म्हणतो.

हे आपलं षड्रिपूच की

बऱ्यापैकी. काम, क्रोध, लोभ, मद हे चार तर सरळ जुळतात. पण मोह आणि मत्सर त्याच्या आठात नाहीत, आणि उदासी, अकेडिया आपल्या सहात नाहीत. कुणी कुणाकडून घेतलं असलं काही सिद्ध करायला जाऊ नका, माणसाचं मन सगळीकडे साधारण त्याच खड्ड्यांत पडतं. मला फरक वाटतो तो हा की एव्हाग्रियसची यादी खोलीत दिवसभर एकट्या बसणाऱ्या कामकरी माणसाची आहे, त्यामुळे तिच्यात दुपारचे दोन वाजलेले दिसतात. आणि तो डावपेचही सांगतो, की वासनेचा विचार आला तर मिरवायच्या हौशीचा विचार त्याच्यावर सोड, लोक काय म्हणतील बघ. काट्यानं काटा काढायचा. शिवाय त्यानं आठ भागांचं एक पुस्तकच केलंय, कुठला विचार आला तर बायबलमधलं कुठलं वचन त्याच्या तोंडावर मारायचं, जवळपास पाचशे नोंदी. रेडी रिप्लाय.

आठाची सात झाली ती पोप ग्रेगरीच्या हातून, सहाव्या शतकाच्या शेवटी. त्यानं गर्वाला सगळ्यांची मुळी म्हणून बाजूला काढलं, अकेडिया उदासीत मिसळली, मत्सर नवा घेतला. नंतरच्या शतकांत मिरवायची हौस गर्वात गेली आणि उदासीच्या जागी आळस आला. विचारांची यादी पापांची झाली ती या प्रवासात, आणि एकदा पाप म्हटलं की माणूस बघायचं सोडून लपवायला लागतो, हे माझं मत. एव्हाग्रियसचं नाव तर ५५३ च्या सुमाराला वेगळ्याच धर्मशास्त्रीय वादात पाखंड्यांच्या यादीत गेलं, त्याची बरीच पुस्तकं टिकली ती काही सिरियाक भाषांतरांत आणि काही दुसऱ्याच्या नावावर.

एकट्यानं शुद्ध होऊन दुसऱ्याला काय?

हा आक्षेप मला सगळ्यात रास्त वाटतो. जगाकडे पाठ करून आपलं मन घासत बसणं हा स्वार्थच नाही का? त्यांच्यातल्याच अम्मा सिंक्लेटिकानं याचं अर्धं उत्तर दिलंय, की गर्दीत राहून मनानं एकटं राहता येतं, आणि एकट्यानं राहूनही आपल्याच विचारांच्या गर्दीत जगता येतं. जागा महत्त्वाची नाही.

उरलेलं अर्धं गोष्टींत आहे. स्केटिसमध्ये एका भावाच्या हातून चूक झाली, निवाड्याला सगळे जमले, मोशे नावाच्या अब्बाला बोलावलं. हा पूर्वी दरोडेखोर होता. येईना. पुन्हा निरोप गेला तेव्हा पाण्यानं भरलेला गळका घडा घेऊन आला. हे काय, विचारल्यावर म्हणाला, माझी पापं माझ्या मागं गळतायत, मला दिसत नाहीत, आणि मी आलोय दुसऱ्याचा न्याय करायला. त्या भावाला कुणी काही बोललं नाही, माफ केलं.

आणि दुसरी, जी मला पेनचाकूच्या शेजारी ठेवावीशी वाटते. दोन म्हातारे बरीच वर्षं एका खोलीत राहत होते, कधी वाजलं नाही. एक दिवस एक म्हणाला, अरे सगळे लोक भांडतात, आपण पण एकदा भांडून बघू की. दुसरा म्हणाला, भांडण कसं करतात मला माहीत नाही. पहिला म्हणाला सोपं आहे, ही वीट मधे ठेवतो, मी म्हणतो माझी आहे, तू म्हण नाही माझी आहे, तिथून सुरू होतं. ठेवली वीट. पहिला म्हणाला, ही माझी. दुसरा म्हणाला, नाही, माझी. पहिला म्हणाला, बरं तुझी तर तुझी, घेऊन जा.